उसाचा फड, बिडीचे सूप आणि जिनिव्हा : सोलापुरात जागतिक राजकारण शिकताना

माळशिरस, माढा, पंढरपूर या पट्ट्यात एफआरपी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. केंद्र सरकारने ठरवलेला, कारखान्याने उसाला द्यायलाच हवा असा किमान दर. तोही ऊस कारखान्यावर पोचल्यापासून 14 दिवसांच्या आत. तो थकला की साखर आयुक्तांकडे तक्रारी जातात, ऊसवाहतूक अडवली जाते, आंदोलक गव्हाणीत उड्या घेतात. 2009 पासून या दराभोवती साखरपट्ट्याचे राजकारण फिरते आहे. त्याच दरावर 2019 साली जिनिव्हात खटला उभा राहिला, याची खबर मात्र उसाच्या फडापर्यंत फारशी आली नाही.

ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी जागतिक व्यापार संघटनेत, म्हणजे डब्ल्यूटीओत, भारताविरुद्ध तक्रार केली. भारत ऊस उत्पादकांना मर्यादेबाहेर आधार देतो, असे त्यांचे म्हणणे. शेतीविषयक करारानुसार भारताला एखाद्या पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांपर्यंत असा आधार देता येतो. भारताचा बचाव कुठल्याही शेतकऱ्याला पटेल असा होता : एफआरपी सरकार देतच नाही, कारखाना देतो, मग तिजोरीतून न गेलेला पैसा सरकारी आधार कसा ठरेल? 14 डिसेंबर 2021 रोजी पंचमंडळाचा अहवाल आला आणि हा बचाव फेटाळला गेला. दर सरकारने बांधून दिला एवढे पुरे, खरेदीही सरकारनेच करायला हवी असे नाही, असे मंडळाने ठरवले. 2014-15 ते 2018-19 या पाच हंगामांत मर्यादा ओलांडली गेली आणि साखर निर्यातीच्या काही योजनाही नियमात बसत नाहीत, असा निष्कर्ष निघाला. भारताने अपील केले. पण अपील ऐकायला तिथे कुणीच नाही. नव्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेने रोखून धरल्यामुळे डब्ल्यूटीओचे अपील मंडळ डिसेंबर 2019 पासून बंद पडले आहे.

जागतिक राजकारणाच्या एम.ए.ला जे शिकवायचे असते ते जवळजवळ सगळे या एका प्रकरणात आहे. एका देशाने आपल्या शेतकऱ्याला काय भाव द्यावा यात दुसऱ्या देशाला बोलता येते का, हा सार्वभौमत्वाचा प्रश्न आहे. नियम सर्वांना सारखे असतानाही एक बलाढ्य देश अख्खे न्यायपीठ बंद पाडू शकतो, हा सत्तेचा प्रश्न आहे. आणि 2003 मध्ये कान्कुनच्या परिषदेत श्रीमंत देशांच्या शेती अनुदानांविरुद्ध भारताच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला ब्राझील सोळा वर्षांनी भारतावरच फिर्याद करतो, तेव्हा ‘विकसनशील देशांची एकजूट’ हे प्रकरण किती गुंतागुंतीचे आहे तेही कळते. डीएस 579, 580 आणि 581 या क्रमांकांखाली तिन्ही अहवाल कुणालाही फुकट वाचता येतात. सोलापूर तर राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांपैकी. या विषयावर प्रबंध लिहायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

तरीही जिल्ह्याच्या ठिकाणी हा विषय शिकवला जातो तो बहुधा परक्या मुलुखाचा म्हणून. त्यामागे विषयाचा इतिहास आहे.

आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पहिले अध्यासन 1919 साली वेल्समधल्या ॲबरिस्टविथ येथे सुरू झाले. पहिल्या महायुद्धात एक पिढी कापली गेली होती आणि युद्धे का होतात, ती टाळता येतील का, एवढाच प्रश्न समोर होता. अमेरिकेत शीतयुद्धाच्या काळात या विषयाला बळ आले. सिद्धान्तकार मॉर्गेन्थाऊ यांचे 1948 चे पुस्तक आणि वॉल्ट्झ यांचे 1979 चे पुस्तक यांनी कित्येक पिढ्यांची विचाराची चौकट ठरवली. भारतात 1955 मध्ये दिल्लीच्या सप्रू हाऊसमध्ये इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज निघाले, ते 1970 मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाने 1956 मध्ये स्वतंत्र विभाग काढला. महाराष्ट्रात मात्र हा विषय मुख्यतः राज्यशास्त्राच्या पोटातच वाढला. मुंबई विद्यापीठाचा नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभाग 1948 चा. पुण्यात विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाला जोडीला संरक्षण व सामरिकशास्त्राचा वेगळा विभाग मिळाला. सिंबायोसिससारख्या खासगी संस्थेने आंतरराष्ट्रीय अभ्यासाची स्वतंत्र पदवी सुरू केली; तिची फी सोलापुरातल्या बहुतेक घरांना पेलणारी नाही.

सोलापूरची शैक्षणिक वाट लांबून आली आहे. दयानंद महाविद्यालय 1940 मध्ये सुरू झाले तेव्हा पदवी मुंबई विद्यापीठाची असे. पुढे पुणे विद्यापीठ, 1962 पासून कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, आणि 1 ऑगस्ट 2004 रोजी सोलापूरचे स्वतःचे विद्यापीठ, एकाच जिल्ह्यासाठी काढलेले. 2019 मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. या बदलाचा सर्वांत मोठा लाभ मुलींना झाला, असे म्हणायला हरकत नाही. सांगोल्याची किंवा बार्शीची मुलगी पदवीनंतर घरूनच एसटीने ये-जा करत एम.ए. करू शकते, पुण्यात खोली घेऊन राहायचे म्हटले असते तर तिचे शिक्षण पदवीवरच थांबले असते. अशा विद्यार्थिनीसाठी जागतिक राजकारण म्हणजे एम.ए. राज्यशास्त्रातल्या दोन-तीन विषयपत्रिका : एक सिद्धान्तांची, एक भारताच्या परराष्ट्र धोरणाची, कधी एक आंतरराष्ट्रीय संघटनांची. बाकी वेळ राजकीय विचार, भारतीय शासन, महाराष्ट्राचे राजकारण यांचा.

यात कमीपणा काही नाही. उलट ज्याला महाराष्ट्राचे राजकारण नीट कळते त्याला परराष्ट्र धोरण जास्त चांगले कळते, कारण कांद्याची निर्यातबंदी दिल्लीत ठरते आणि तिचा हिशोब मतपेटीत होतो. 8 डिसेंबर 2023 रोजी केंद्राने ही बंदी घातली तेव्हा सोलापूरच्या बाजार समितीत हंगामाची मोठी आवक सुरू होती. ती उठली 4 मे 2024 रोजी, लोकसभेची निवडणूक सुरू असताना. अडचण वेगळीच आहे. सिद्धान्ताची पत्रिका आणि आसपासचे जग यांच्यामध्ये कुणी पूल बांधून देत नाही. वास्तववाद, उदारमतवाद, मार्क्सवादी दृष्टिकोन, रचनावाद अशी प्रकरणे पाठ होतात. पण यांपैकी कोणत्या दृष्टीने कांद्याची बंदी उलगडते, हे विचारले की वर्ग शांत होतो.

या सिद्धान्तांवर आता जगभरातच प्रश्न उभे राहिले आहेत. मूळचे ओडिशाचे अमिताव आचार्य 2014 मध्ये इंटरनॅशनल स्टडीज असोसिएशनचे अध्यक्ष झाले. पाश्चात्त्य जगाबाहेरचा पहिलाच अध्यक्ष. युरोप-अमेरिकेच्या अनुभवावर उभारलेला हा विषय साऱ्या जगाच्या अनुभवातून पुन्हा मांडला पाहिजे, हे त्यांचे सांगणे आता पाठ्यपुस्तकांत आले आहे. मराठी विद्यार्थ्याला यात भर घालण्यासारखे पुष्कळ आहे. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. पुण्यातल्या जातीच्या प्रश्नाचे नाते अटलांटिकपलीकडच्या लढ्याशी जोडणारा हा विचार आहे. डॉ. आंबेडकरांनी 1946 मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे पाठवायच्या निवेदनाची चौकशी केली. 1951 मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडताना दिलेल्या निवेदनात त्यांनी परराष्ट्र धोरणावरचे मतभेदही स्पष्ट मांडले. हे सगळे राजकीय विचाराच्या पत्रिकेत शिकवले जाते आणि आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पत्रिकेत विसरले जाते. दोन्ही पत्रिका बहुधा एकाच वर्गात, तासाभराच्या अंतराने होतात, म्हणून ही ताटातूट अधिकच खटकते.

मराठीतून शिकणाऱ्यांसाठी पुस्तकांची स्थिती वाटते तेवढी वाईट नाही, पण पुरेशीही नाही. अरुणा पेंडसे आणि उत्तरा सहस्रबुद्धे यांचे आंतरराष्ट्रीय संबंधांवरचे पुस्तक शीतयुद्धानंतरच्या जगाची भक्कम ओळख करून देते. शैलेंद्र देवळाणकर यांची पुस्तके स्पर्धा परीक्षेपासून एम.ए.पर्यंत सगळीकडे वापरली जातात. श्रीकांत परांजपे यांनी सामरिक प्रश्नांवर मराठीतही लिहिले आहे. राजेंद्र व्होरा आणि सुहास पळशीकर यांचा राज्यशास्त्र कोश आणि वाईहून निघालेला मराठी विश्वकोश संदर्भाला हाताशी आहेत. उणीव आहे ती दुसऱ्या पायरीची. ओळख करून देणाऱ्या पुस्तकानंतर एकेका प्रश्नात खोल नेणारा ग्रंथ, करारांचे मराठी अनुवाद, निवडक लेखांचे संपादित संग्रह हे फारसे नाही. त्यामुळे विद्यार्थी पहिल्या वर्षी मराठीत समजून घेतो आणि दुसऱ्या वर्षी एकदम इंग्रजी शोधनिबंधापाशी अडतो. ज्या प्राध्यापकांनी अशा वेळी वर्गात एक निबंध परिच्छेद-परिच्छेद करून वाचून घेतला, त्यांच्या विद्यार्थ्यांची भीती महिन्याभरात गेलेली दिसते.

गेल्या काही वर्षांत या विषयाकडे गर्दी वळली ती परीक्षांमुळे. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत ‘राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध’ हा वैकल्पिक विषय आहे, 250 गुणांच्या दोन पत्रिकांचा. दुसरी पत्रिका जवळपास पूर्ण जगाला वाहिलेली. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा 2012 पासून वस्तुनिष्ठ होती. ती यूपीएससीच्या धर्तीवर पुन्हा वर्णनात्मक करायचे 2022 मध्ये ठरले, पुण्यातल्या उमेदवारांच्या आंदोलनानंतर अंमल पुढे गेला आणि 2025 च्या परीक्षेपासून तो लागू झाला. आता अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलालाही क्वाड, ब्रिक्स, हिंद-प्रशांत क्षेत्र यांवर पानभर सलग लिहावे लागते.

याचे स्वागत करायला हवे. पर्याय निवडून गोल काळे करण्यापेक्षा चार परिच्छेद लिहिणे केव्हाही चांगले. पण परीक्षेची तयारी आणि पदव्युत्तर अभ्यास यांच्यात फरक आहे, तो झाकला जाऊ नये. परीक्षेला ‘भारत-चीन संबंधांची आव्हाने’ सात मुद्द्यांत लागतात. एम.ए.ने त्यांतला एकच मुद्दा घेऊन, कागदपत्रे चाळून, दोन विरोधी मते तपासून स्वतःचे मत मांडायला शिकवावे.

भारत-चीनचे उदाहरण सोलापूरने मुद्दाम घ्यावे असेच आहे. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 चा, सोलापूरचा. मुंबईत वैद्यकीय शिक्षण झाले, पुढच्या शिक्षणाची तयारी चालली होती आणि 1938 मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला वैद्यकीय मदत पाठवायचे काँग्रेसने ठरवले. चिनी सेनानी जू द यांनी नेहरूंकडे मागणी केली होती. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी निधी आणि पथक उभे केले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, बंगालचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस असे पाच डॉक्टर निघाले. चौघे परतले. कोटणीस राहिले, कॅनेडियन डॉक्टर नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. मुलाचे नाव इनहुआ. त्यात भारत आणि चीन दोन्ही आहेत. 1946 मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला.

शाळेत ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. पदव्युत्तर वर्गात तिच्यापुढचे प्रश्न विचारता येतात. स्वतःच गुलामीत असलेल्या देशाच्या एका पक्षाने, ब्रिटिश सरकारला बाजूला ठेवून, परदेशात पथक पाठवले. म्हणजे राज्य हाती नसतानाही परराष्ट्र धोरण असू शकते का? 1962 च्या युद्धानंतर, आणि 2020 मध्ये गलवानमध्ये रक्त सांडल्यानंतर, कोटणिसांच्या आठवणीचे दोन्ही देशांनी काय केले? भारतात येणारे चिनी नेते कोटणीस कुटुंबाला आवर्जून भेटत आले. चीनमध्ये शीज्याच्वांगला त्यांचे स्मारक आहे. सोलापूर महापालिकेने त्यांच्या राहत्या घरी स्मारक केले. कोण कधी आठवण काढते आणि कधी गप्प राहते, याचा पट मांडला तर तो दोन राष्ट्रांच्या संबंधांचा आलेखच होईल. त्यासाठी चिनी वृत्तपत्रे वाचता यायला हवीत. कोटणिसांच्या गावातून चिनी शिकून हे काम करणारे विद्यार्थी तयार व्हावेत ही अपेक्षा अवास्तव नाही. ते स्वतः तिथे जाऊन भाषा शिकले, त्याच भाषेत रुग्ण तपासत आणि शिकवत.

दुसरा असाच विषय सोलापूरच्या पूर्व भागात घराघरांत आहे. मांडीवर सूप, सुपात ओली करून कापलेली तेंदूची पाने, चिमटीत तंबाखू, वळलेल्या बिडीला दोऱ्याचा वेढा. हजार बिड्यांमागे मजुरी. हजारो स्त्रिया, त्यांतल्या कितीतरी पद्मशाली समाजातल्या तेलुगू भाषक, या कामावर घर चालवत आल्या आहेत. 2003 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तंबाखू नियंत्रणाचा करार मंजूर केला, भारताने 2004 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आणि 2005 पासून तो अमलात आला. एप्रिल 2016 पासून पुड्यावर 85 टक्के जागेत इशारा छापणे देशात सक्तीचे झाले, तेव्हा बिडी उद्योगाने मोठा विरोध केला. आरोग्याच्या बाजूने हा करार योग्यच आहे. तंबाखूच्या धुळीत बसणाऱ्या बाईच्या छातीलाही त्याची गरज आहे. पण त्याच करारातले सतरावे कलम सांगते की तंबाखूवर पोट असणाऱ्यांना परवडणारा पर्यायी रोजगार मिळावा म्हणून सरकारांनी मदत करावी. या कलमाचे सोलापुरात काय झाले, कुणाला कोणता पर्याय मिळाला, कामगार संघटनांना हे कलम ठाऊक तरी आहे का? कुंभारीच्या रे नगरमध्ये 30 हजार असंघटित कामगारांसाठी घरकुले उभी करणारी चळवळ इथलीच. घराची मागणी दिल्लीपर्यंत नेणाऱ्या स्त्रियांनी जिनिव्हातला करार मात्र कधी हत्यार म्हणून वापरला का, हा प्रबंधाचा विषय आहे. तो कोलंबिया विद्यापीठातल्या किंवा लंडनच्या विद्यार्थ्याला लिहायचा झाला तर दुभाषा लागेल. सोलापूरच्या विद्यार्थिनीला शेजारच्या गल्लीत जावे लागेल.

असाच आणखी एक विषय सोलापूरजवळच्या नान्नजला आहे. तिथले माळढोक पक्ष्याचे अभयारण्य 1979 पासूनचे. फेब्रुवारी 2020 मध्ये गांधीनगरला स्थलांतरित प्रजातींच्या कराराची परिषद झाली आणि माळढोक त्याच्या पहिल्या परिशिष्टात गेला, कारण हा पक्षी भारत-पाकिस्तान सीमा ओलांडतो आणि तिथे मारला जातो. राजस्थान-गुजरातेत सौरऊर्जेच्या वीजतारा त्याच्या जिवावर उठल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मार्च 2024 मध्ये न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क मान्य केला. एकीकडे पॅरिस करारातली ऊर्जेची वचने, दुसरीकडे नामशेष होत चाललेला पक्षी : पर्यावरणाच्या जागतिक राजकारणाचा पेच इतका उघडा क्वचितच दिसतो. द्राक्षांचेही तसेच, 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपने भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडवले, तेव्हा बागायतदारांना ब्रुसेल्सची नियमावली पाठ करावी लागली. आणि ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क 50 टक्क्यांवर नेले, त्याचा घोर टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांनाही लागला.

सोलापूरच्या विद्यार्थ्याकडे एक भांडवल आहे, ज्याची दखल अभ्यासक्रम घेत नाही. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चार भाषा या शहराच्या रस्त्यावर रोज बोलल्या जातात, आणि तीन-तीन भाषा सहज बोलणारी मुले वर्गात असतात. उर्दू लिपी येणाऱ्या मुलीला फारसी आणि अरबीची अर्धी वाट आधीच माहीत असते. पश्चिम आशियाचा अभ्यास तिने करायचा नाही तर कुणी? हैदराबाद रेल्वेने काही तासांवर, तिथले इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ अनेक भाषा शिकवते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी शिकवले जाते. एम.ए.च्या दोन वर्षांत एका परकीय भाषेची पहिली पायरी चढली, तर पुढचे संशोधन इंग्रजी बातम्यांच्या उसनवारीवर राहत नाही.

पुढच्या वाटा आहेत, आणि त्या फक्त सरकारी नोकरीच्या नाहीत. नेट किंवा सेट देऊन अध्यापन, बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीवर पीएच.डी., वृत्तपत्रांतले परराष्ट्र विषयाचे काम, निर्यातदारांकडे दुसऱ्या देशांचे नियम वाचून सांगणारे काम. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाट गावचे ज्ञानेश्वर मुळे 1983 मध्ये परराष्ट्र सेवेत गेले, तेव्हा ग्रामीण मराठी मुलाला ती सेवा माहीतही नसे. आज ती वाट बरीच रुळली आहे. जेएनयूसारख्या ठिकाणी जायचे तर आता सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. परदेशी जायचे तर अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, इतर प्रवर्गांसाठीही आता स्वतंत्र योजना आहेत.

या अर्जांसोबत अनेक विद्यापीठे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लेखनाचा नमुना मागतात. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात एम.ए.ला संशोधन पद्धती आणि संशोधन प्रकल्प आता सर्वांनाच करावा लागतो, तोच हा नमुना ठरू शकतो. मार्गदर्शकाने विषय देताना ‘भारत-अमेरिका संबंध : एक अभ्यास’ असा शंभरदा लिहिलेला विषय दिला, तर अर्ज ढिगाऱ्यात जातो. बिडी कामगार स्त्रियांच्या चाळीस मुलाखती आणि कराराचे सतरावे कलम समोरासमोर ठेवलेला प्रकल्प असेल, तर निवड समितीला तो वाचावाच लागतो. विषय पहिल्या सत्रातच ठरला, तर मुलाखती दिवाळीच्या सुटीत सुरू करता येतात.